मांड आधी, लगाम नंतर : मुंबईत मोठ्या वयात घोडेस्वारी शिकताना

मुंबईत तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसाने घोडेस्वारी शिकायचे मनावर घेतले, की घरचे आणि कचेरीतले सगळे त्याला एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे भीती वाटत नाही का. प्रत्यक्षात भीतीपेक्षा मोठी अडचण हातांची असते. तोल जातो आहे असे वाटताच हाताशी येईल ते घट्ट धरायचे, ही मोठ्या माणसाची मुरलेली सवय असते, आणि घोड्यावर हाताशी येतो तो लगाम, ज्याचे दुसरे टोक एका जिवंत प्राण्याच्या तोंडात असते. त्यामुळे शिकण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी मांड, म्हणजे घोड्यावरची तोल सांभाळणारी बैठक, पक्की करावी आणि लगाम नंतर हाती घ्यावा. शिकवणी कुठे लावावी, घोडा कोणता मागावा, पहिल्या दोन महिन्यांत कशाचा आग्रह धरावा आणि कशाचा हट्ट सोडावा, या सगळ्याची उत्तरे या एका क्रमातून निघतात.

जागा, शिक्षक आणि घोडा

शहरातले सर्वांच्या परिचयाचे ठिकाण म्हणजे महालक्ष्मीचे रेसकोर्स. १८८३ साली उभ्या राहिलेल्या या मैदानाच्या आवारात १९४२ साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, आणि तेथे नवशिक्यांना शिकवले जाते. शहराबाहेर कर्जत, अलिबाग आणि पुण्याच्या वाटेवर खासगी फार्म आहेत, परंतु तेथे शनिवार-रविवारीच जाणे होते आणि आठवड्यातून एकदाच घोड्यावर बसणाऱ्याचे शरीर दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. आठवड्यातून दोनदा, सहा-सात महिने सलग जमेल असेच ठिकाण निवडावे, मग ते थोडे कमी देखणे असले तरी चालेल. उन्हाच्या दृष्टीने पाहता मुंबईत पहाटेची वेळ उत्तम. सकाळी नऊनंतर दमट हवेत घोडाही घामाघूम होतो आणि हेल्मेटखालचा माणूसही.

जुहूच्या चौपाटीवरची फेरी किंवा माथेरानचा घोडा यांना शिकवणी समजू नये. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तेथील घोडे हे वाहतुकीचे साधन आहे. ते रोजच्या वाटेने, बहुधा घोडेवाल्याच्या हाताखाली, सवयीने चालतात, आणि वर बसलेल्याने काही केले नाही तरी मुक्कामी पोहोचतात. त्यात मौज आहे, शिक्षण मात्र नाही. उलट दोन-चार वेळा माथेरानला जाऊन आलेला माणूस आपल्याला थोडेफार येते असे समजून येतो आणि शिक्षकाचे पहिले काही दिवस त्याचे आखडलेले गुडघे सोडवण्यात जातात.

पैसे भरण्यापूर्वी एक सकाळ नुसती बघायला जावे. शिक्षक एका वेळी किती जणांना शिकवतो, पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला लाँजवर, म्हणजे शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीने वर्तुळात फिरणाऱ्या घोड्यावर, घेतो की थेट रांगेत सोडतो, हेल्मेटशिवाय कोणी घोड्यावर दिसते का, शिकवणी संपल्यावर घोड्यांना पाणी आणि सावली मिळते का, हे सर्व तासाभरात कळते. घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली जखमा असतील, बरगड्या मोजता येत असतील किंवा चालताना तो एका पायावर लंगडत असेल, तर तेथून परत फिरावे. जेथे घोड्याची हेळसांड होते तेथे माणसाच्या सुरक्षिततेकडे लक्ष दिले जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. शिक्षकाला सरळ विचारावे, ‘सर, पहिले काही तास मला लाँजवर मिळतील का?’ उत्तर ‘त्याची गरज नाही, तुम्ही दोन दिवसांत पळवाल’ असे आले, तर माझ्या मते दुसरा शिक्षक शोधावा.

घोड्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मुंबईची परिस्थिती इतर ठिकाणांहून वेगळी आहे. रेसकोर्सच्या सान्निध्यामुळे येथील स्वारीच्या शाळांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीचे, घोडे बरेच दिसतात. हे घोडे साधारण साडेपंधरा ते साडेसोळा हात उंचीचे असतात. येथे एक हात म्हणजे चार इंच, आणि माप जमिनीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत घेतात, डोक्यापर्यंत नाही. त्यांची चाल लांब आणि स्वभाव बहुधा तरतरीत असतो. मुख्य म्हणजे शर्यतीत जॉकी लगाम आखडून धरतो आणि घोडा त्या ताणावर भार टाकून वेग घेतो, अशीच त्याची जडणघडण झालेली असते. असा घोडा चांगला नव्याने शिकवलेला नसेल, तर घाबरलेल्या नवशिक्याने लगाम ओढून धरताच तो थांबण्याऐवजी पुढे रेटू लागतो. माणूस आणखी ओढतो, घोडा आणखी रेटतो, आणि दोघांचाही गैरसमज वाढत जातो. म्हणून सुरुवातीला वयस्क, शांत, शाळेत बरीच वर्षे काढलेला घोडा मागावा. तो काहीसा आळशी असला तर उत्तमच. कानांची टोके आत वळलेले मारवाडी आणि काठियावाडी घोडेही काही ठिकाणी असतात, ते उंचीने थोडे कमी आणि नवशिक्याला सोयीचे असतात. उंच घोडा म्हणजे चांगला घोडा ही समजूत सोडून द्यावी, कारण मराठ्यांच्या फौजेत नाव कमावलेले भीमथडीचे तट्टूही काही थोराड नव्हते.

वजनाचा प्रश्न संकोच न बाळगता आधीच बोलून घ्यावा. स्वार, त्याचे कपडे आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांपेक्षा जास्त भार पाठीवर देऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला हे गणित नव्वद किलोपर्यंत जाते, आणि त्यातले आठ-दहा किलो खोगिराचेच असतात. शाळेने वजनाला योग्य घोडा नाही म्हणून नकार दिला, तर तो अपमान समजू नये.

अंगाची आणि कपड्यांची तयारी

पाठीच्या मणक्याचा त्रास, हाडांची ठिसूळता, रक्त पातळ करणारी औषधे किंवा गरोदरपण यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोड्यावर बसू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन दहा वर्षांत घेतलेले नसेल तर ते आधी घ्यावे, कारण धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदेत आणि तबेल्याच्या मातीत असतात आणि तेथे खरचटणे हे नेहमीचेच आहे.

दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचे कमरेचे सांधे आखडलेले असतात आणि मांड्या पुरेशा फाकत नाहीत. शिकवणीच्या आधी दोन आठवडे घरी रोज जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाचा खाली सोडाव्यात, बैठका काढाव्यात आणि एका पायावर तोल धरून उभे राहण्याचा सराव करावा. एवढ्याने पहिल्या आठवड्यातली निम्मी अंगदुखी वाचते. उरलेली निम्मी कोणालाच चुकत नाही.

खर्च करायचाच तर तो हेल्मेटवर करावा. सायकलचे किंवा क्रिकेटचे हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीसाठी चाचणी केलेले, आतल्या पट्टीवर त्याचे मानक छापलेले हेल्मेट घ्यावे, ते भुवयांच्या वर दोन बोटांवर सपाट बसावे, आणि हनुवटीचा पट्टा न लावताही डोके हलवल्यावर ते सरकता कामा नये. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी टाकून द्यावे, आणि तसे काही घडले नाही तरी साधारण पाच वर्षांनी बदलावे. शाळेतले सामायिक हेल्मेट पहिल्या दोन-तीन दिवसांपुरते ठीक, पण ते आधी कितीदा पडले आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

बुटाला साधारण दीड-दोन सेंटिमीटरची टाच आणि गुळगुळीत, अखंड तळवा हवा. स्पोर्ट्स शूज घालून घोड्यावर बसणे मुंबईत सर्रास चालते आणि ते धोक्याचे आहे, कारण टाच नसेल तर पडताना पाऊल रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जाऊन अडकू शकते आणि घोडा माणसाला फरफटत नेऊ शकतो. रिकीब बुटाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना मिळून साधारण एक इंच मोठी असावी. जीन्सच्या आतल्या शिवणीने मांड्या सोलवटतात, त्यामुळे जोधपूर नावाची घोडेस्वारीची पँट किंवा निदान अंगाबरोबर बसणारी जाड ताणाची पँट घालावी. ओढणी, गळ्यातली साखळी आणि बोटातली अंगठी घरी ठेवून यावे.

तबेल्यात

२०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद पडत गेल्या आणि शहरातल्या माणसाला घोडा दिसतो तो वरातीत नाहीतर चौपाटीवर. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्या बहुतेकांनी घोड्याला कधी हातही लावलेला नसतो. म्हणून शिकवणीच्या वेळेआधी अर्धा तास जाऊन घोड्याची देखभाल करणाऱ्या साईसाबरोबर घोडा तयार करायला शिकावे. अनेक ठिकाणी घोडा खोगीर चढवून समोर आणून देण्याची पद्धत आहे आणि ती घाईतल्या मुंबईकराला सोयीची वाटते, पण त्यात शिक्षणाचा मोठा भाग हातचा जातो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, मात्र अगदी पाठीमागचे आणि कपाळाच्या थेट समोरचे दिसत नाही. म्हणून बोलत बोलत, त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने जवळ जावे आणि आधी मानेवर हात ठेवावा. मागून जायचेच झाले तर एकतर पाठीवर हात ठेवून त्याला अगदी चिकटून जावे, नाहीतर दहा-बारा फूट लांबून जावे. लाथेचा जोर बसतो तो मधल्या अंतरावर. कान पुढे असले तर त्याचे लक्ष समोर आहे, एक कान मागे वळला तर तो तुमचे ऐकतो आहे, आणि दोन्ही कान मानेला चपटे लावले तर तो चिडला आहे, एवढी भाषा पहिल्या दिवशी पुरते. गाजर द्यायचे असेल तर साईसाला विचारून, तळहात सपाट आणि अंगठा बोटांना चिकटवून द्यावे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये.

खरारा मानेकडून मागे, गोलाकार फिरवून करायचा असतो, त्यानंतर लांब केसांच्या ब्रशने धूळ झटकायची. खोगीर आणि ते बांधायचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, जेथे बसतात तेथली माती बोटांनी चाचपून काढावी, कारण तेवढ्या एका खड्याने घोड्याला जखम होते आणि दोष मात्र त्याच्या स्वभावाला दिला जातो. खूर उचलण्यासाठी घोड्याच्या खांद्याशी, त्याच्या शेपटीकडे तोंड करून उभे राहावे, हात खांद्यापासून पायावरून खाली सरकवत न्यावा आणि खुराच्या वर पायाच्या मागच्या बाजूला हलके दाबावे. शिकलेला घोडा पाय स्वतःच उचलतो. मग खूर साफ करण्याचा आकडा टाचेकडून बोटाकडे चालवून नालेच्या आतली माती काढावी आणि मधला त्रिकोणी मऊ भाग सांभाळावा. हे करताना जमिनीवर गुडघा टेकून बसू नये, वाकून उभेच राहावे, म्हणजे घोडा बुजला तर बाजूला होता येते.

खोगीर चढवताना ते थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस सुलट राहतात. तंग मात्र एकदम आवळू नये. बरेच घोडे तंग लावताना पोट फुगवतात. आवळला असे वाटणारा तंग पाच मिनिटे चालल्यावर हाताची तीन बोटे सहज शिरतील इतका सैल होतो आणि चढताना खोगीर बाजूला फिरते. म्हणून एक-एक भोक वर घेत, थांबून थांबून आवळावा, चढण्यापूर्वी पुन्हा पाहावा आणि थोडे चालून झाल्यावर घोड्यावर बसल्या बसल्या परत तपासावा. ही सवय शिक्षकाने सांगण्याची वाट न बघता स्वतःला लावून घ्यावी.

चढणे आणि मांड

रिकिबीची लांबी जमिनीवरूनच ठरवता येते. बोटांची टोके खोगिराला जेथे रिकिबीचा पट्टा अडकतो तेथे टेकवावीत आणि रिकीब बगलेपर्यंत पोहोचते का ते पाहावे. चढताना ओट्याचा किंवा स्टुलाचा उपयोग करावा. जमिनीवरून टांग मारण्यात शान वाटते खरी, पण त्यात खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीला पीळ बसतो. डाव्या हातात लगाम आणि मानेच्या मुळाशी आयाळ धरावी, डावे पाऊल रिकिबीत ठेवावे, बुटाचे टोक घोड्याच्या पोटात खुपसू नये, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला, म्हणजे पाठीमागच्या भागाला, न लागता पलीकडे न्यावा आणि खोगिरात धपकन न आदळता अलगद बसावे.

बसल्यावर बाजूने पाहणाऱ्याला कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. नवशिक्याचे पाय पुढे जातात आणि तो खुर्चीत बसल्यासारखा दिसतो, किंवा घाबरून पुढे वाकतो आणि गुडघ्यांनी खोगीर चिमटीत धरतो. गुडघे आवळले की बूड वर उचलले जाते आणि तोल आणखी बिघडतो. ज्याने दादर ते चर्चगेट लोकलमध्ये कडी न धरता उभ्याने प्रवास केला आहे त्याला योग्य बसणे लवकर समजते, कारण तेथेही पाय किंचित फाकवून, गुडघे आणि घोटे सैल सोडूनच डब्याचे धक्के जिरवावे लागतात, आणि ताठ उभा राहणारा पहिल्याच वळणावर शेजाऱ्याच्या अंगावर जातो.

हे सर्व शिकायची जागा म्हणजे लाँज. शिक्षक मधोमध उभा राहतो, सात-आठ मीटरच्या लांब दोरीने घोडा त्याच्याभोवती वर्तुळात फिरतो आणि वेग व दिशा दोन्ही शिक्षकाच्या ताब्यात असतात. स्वाराने फक्त बसायचे असते. पहिले काही तास लगाम गाठ मारून घोड्याच्या मानेवर ठेवावा आणि खोगिराच्या पुढच्या कमानीला बांधलेला पट्टा किंवा आयाळ धरावी. मग एक हात सोडावा, दोन्ही हात बाजूला पसरावेत, खांदे गोल फिरवावेत, कमरेतून डावी-उजवीकडे वळावे, पुढे रिकिबी सोडून पाय लोंबकळत ठेवावेत. साधी चाल चार ठेक्यांची असते आणि तिचा वेग तासाला सहा-सात किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाएवढाच असतो. डोळे मिटून, घोड्याचा कोणता मागचा पाय आत्ता उचलला गेला हे आपल्या बुडाखालून ओळखता येईपर्यंत चालच करावी. मोठ्या माणसांना हे कंटाळवाणे वाटते आणि ‘आता पळवूया का?’ असे ते दुसऱ्याच दिवशी विचारतात. सगळ्या पुढच्या कामाचा पाया मात्र येथेच घातला जातो, आणि येथे वाचवलेला आठवडा पुढे महिन्याच्या रूपाने वसूल होतो.

श्वासाकडेही लक्ष द्यावे. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, त्याची पाठ ताठरते आणि घोडा ते पाठीवर तात्काळ ओळखतो. शिक्षकाशी मोठ्याने बोलत राहावे किंवा ठेके मोठ्याने मोजावेत, कारण बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

दुडकी

क्लबात जिला ट्रॉट म्हणतात ती दुडकी चाल दोन ठेक्यांची असते. घोडा पुढचा एक पाय आणि तिरकस समोरचा मागचा पाय एकत्र उचलतो आणि प्रत्येक ठेक्याला स्वार वर फेकला जातो. या धक्क्यातून सुटण्यासाठी एका ठेक्याला उठायचे आणि दुसऱ्याला बसायचे, यालाच रायझिंग ट्रॉट म्हणतात. बहुतेक मोठी माणसे येथे अडतात, कारण ती पायांवर जोर देऊन उभी राहतात, ठेका हुकतो, आणि तोल सावरायला हात लगामावर जातो. साईस अशा वेळी ओरडतो, ‘ताई, लगाम नका धरू, आयाळ धरा!’ आणि तो बरोबर सांगत असतो. आयाळ ओढल्याने घोड्याला फारसा त्रास होत नाही, तोंडातली कडी ओढली की होतो.

उठण्याचे काम खरे तर घोडाच करतो. त्याच्या धक्क्याने कंबर पुढे आणि किंचित वर जाऊ द्यावी, पूर्ण उभे राहू नये, आणि परत येताना खोगिरावर पडण्याऐवजी हळू टेकावे. आधी घोडा उभा असताना, मग चालत असताना हे उठणे-बसणे करून पाहावे, आणि मगच दुडकीत. मोठ्याने ‘एक-दोन, एक-दोन’ म्हटल्यास ठेका लवकर सापडतो. तो सापडल्यावर पुढची पायरी अशी, की वर्तुळात फिरताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे जाईल तेव्हा उठावे आणि तो मागे येईल तेव्हा बसावे. चुकीच्या ठेक्यावर असाल तर सलग दोन ठेके बसून राहावे, म्हणजे आपोआप बदल होतो. खांद्याकडे बघायला मान खाली घालू नये, नजर तिरकी टाकली तरी पुरते.

आता लगाम

हात न वापरता दुडकीत बसता-उठता येऊ लागले, की लगाम हाती घ्यावा. तो करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून आत येऊन मुठीतून वर, पहिल्या बोटावरून बाहेर पडतो आणि वर अंगठा टेकतो. मुठी उभ्या ठेवाव्यात. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत सरळ रेषा दिसावी आणि चालताना घोडा मान पुढे-मागे हलवतो तसे कोपर त्याच्याबरोबर उघडावे-मिटावे. हात स्थिर ठेवायचे म्हणजे ते आखडून धरायचे असे नाही, तर घोड्याच्या तोंडाशी असलेला हलका संबंध स्थिर ठेवायचा.

थांबण्याचा क्रम लक्षात ठेवावा. आधी श्वास सोडत खोल बसावे, मग पोटऱ्या हलक्या लावून ठेवाव्यात, मग बोटे मिटावीत, आणि घोड्याने प्रतिसाद देताच बोटे लगेच सैल करावीत. शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सैल झालेला लगाम हेच घोड्याचे बक्षीस असते, आणि ते न मिळाल्यास पुढच्या वेळी थांबण्याचे त्याला काही कारण उरत नाही. वळतानाही आधी नजर, मग खांदे, मग पाय आणि शेवटी हात.

यानंतर लाँजवरून सुटून मैदानात यावे. शाळेचे मैदान बहुधा वीस मीटर रुंद आणि चाळीस किंवा साठ मीटर लांब असते, त्याच्या कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ ही अक्षरे लावलेली असतात आणि शिक्षक त्यांच्याच आधारे सूचना देतो, म्हणून ती पाठ करून यावीत. समोरून येणाऱ्या स्वाराला डावा खांदा डाव्या खांद्याशी ठेवून ओलांडावे, पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याचे अंतर ठेवावे आणि हळू चालणाऱ्याने आतल्या बाजूला यावे. वर्तुळे, तिरक्या रेषा आणि ठरलेल्या अक्षरापाशी थांबणे हे वरवर शाळकरी वाटणारे काम आहे, पण २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ज्या ड्रेसाज प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तो याच कामाचा पुढचा टप्पा आहे.

कँटरची घाई करू नये. तीन ठेक्यांची ही चाल दुडकीपेक्षा मऊ असते, तिच्यात उठायचे नसते, खोगिराला चिकटून कंबर मोकळी सोडायची असते. पहिल्यांदा ती लाँजवर, एका हाताने पुढचा पट्टा धरून करावी. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला येथवर यायला चार-पाच महिने लागले तर ते उशिराचे म्हणता येणार नाही.

घोडा बुजला किंवा उधळला तर

प्लास्टिकची पिशवी उडाली, पतंग खाली आला किंवा लग्नाच्या हंगामात बँड वाजला, की शहरातला घोडाही दचकतो. बाजूला उडी मारली तर आयाळ धरून खोल बसावे. उधळलाच तर दोन्ही हातांनी सलग ओढत राहू नये, कारण शर्यतीच्या घोड्याला तो पळण्याचा इशारा वाटतो. मागे बसून, एका बाजूचा लगाम ओढून सोडायचा, पुन्हा ओढून सोडायचा, आणि जागा असेल तर त्याला मोठ्या वर्तुळात घेऊन ते हळूहळू लहान करत आणायचे. पूर्ण वेगात एकदम वळवू नये, घोडा घसरून पडतो.

उडी मारून उतरण्याचा सराव पहिल्या महिन्यातच करावा. दोन्ही पाय रिकिबीतून काढायचे, मानेवर हात टेकून पुढे झुकायचे, उजवा पाय मागून आणायचा आणि गुडघे वाकवून जमिनीवर यायचे. उभ्या घोड्यावर, मग चालत्या घोड्यावर हे जमले की पडण्याची भीती बरीच ओसरते. पडल्यावर लगेच उठू नये, क्षणभर अंगाचा अंदाज घ्यावा. डोक्याला मार लागला असेल, मळमळत असेल किंवा काय घडले ते आठवत नसेल, तर ‘पडल्यावर लगेच परत चढायचे असते’ हा सल्ला कोणीही दिला तरी मानू नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

उतरल्यावर, आणि पावसाळ्यात

शेवटची दहा मिनिटे लगाम सैल सोडून साधी चाल करावी, म्हणजे घोड्याचा श्वास ठिकाणावर येतो. दोन्ही पाय रिकिबीतून काढूनच उतरावे. उतरल्याबरोबर रिकिबी वर सरकवाव्यात आणि तंग दोन भोके सैल करावा. मग सावलीत नेऊन खोगीर काढावे, घामाच्या जागी पाणी मारून ते निथळून काढावे आणि पाणी पाजावे. पाठीवर खोगिराखाली कोरडा राहिलेला डाग दिसला तर शिक्षकाला दाखवावा, कारण तेथे खोगिराचा दाब जास्त पडत असण्याची शक्यता असते.

मुंबईतली शर्यत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालते आणि पावसाळ्यात ती पुण्याला जाते. उघड्या मैदानांवरची शिकवणीही पावसात मंदावते किंवा थांबते, त्यामुळे सुरुवात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी, म्हणजे सहा-सात महिने सलग मिळतात. पावसाच्या खंडात जिन्याच्या पायरीवरचा आणि बैठकांचा सराव चालू ठेवावा, हेल्मेट आणि चामड्याचे बूट बुरशी लागू नये म्हणून हवेशीर जागी, कापडी पिशवीत ठेवावेत, आणि जमल्यास महिन्यातून एखादी सकाळ तबेल्यात जाऊन साईसाच्या हाताखाली खराऱ्याचे काम करावे. नव्या हंगामात पहिले दोन तास पुन्हा लाँजवरच मागून घ्यावेत, लगाम मानेवर गाठ मारून.